तेवीस किलो

शिवाप्पाच्या तांदळाच्या दुकानात
बॅग काट्यावर चढवली, तर सव्वीस भरली.
"तीन किलो जास्त की, मेस्त्री.
काय भरलाय, पान्हे?"
पान्हेच होते. दोन.
आणि आटे पाडायचा डाय, ज्यानं बत्तीस वर्षं
खानापूरच्या गल्ल्यांत पाणी फिरवलं.

बोलावणं खरं तर रोझलीनला आलंय.
मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाची नर्स पाहिजे,
वयाची अट नाही, पगारही नाही.
पत्राच्या तळाशी एक ओळ:
पती सोबत आल्यास हरकत नाही.
ती ओळ म्हणजे मी.

देवाला तिनं महिनाभर विचारलं, गुडघे टेकून.
मला एकदाच, भाकरी थापता थापता.
मी म्हटलं, तिथं हातपंप असतील की.
"असतील. मोडके."
एवढ्यावर ठरलं.

पासपोर्टचा फॉर्म भरणारा पोरगा चक्रावला.
जन्माच्या नोंदीत मुंबई राज्य,
शाळेच्या दाखल्यावर म्हैसूर,
रेशनकार्डावर कर्नाटक.
"काका, कितीदा बिऱ्हाड हलवलंत?"
एकदाही नाही रे.
मलप्रभेच्या ह्याच काठावर, ह्याच कौलांखाली होतो.
राज्यंच येऊन गेली.
उठून जायची पाळी माझी, ती आत्ता आली,
अडुसष्टाव्या वर्षी.

संध्याकाळी मोबाईलवर तिथल्या भाषेचे धडे लावतो.
कसे आहात, हे विचारायचं तर म्हणायचं
मुली ब्वांजी.
"ह्या वयात मुली कशाला," आतून आवाज येतो.
गावाचं नाव तर झोंबा.
ते ऐकून तिनं संकेश्वरी मिरची अर्ध्यावर आणली.
मी काळजीनं म्हटलं, घरात मराठी, बाजारात कन्नड,
साहेबापुढं नुसतं हूं हूं,
आता ही कुठं शिकायची?
ती म्हणाली, कळ आली की बाई कुठलीही असो,
आईलाच हाक मारते.
तेवढं मला समजतं.

मला नाही समजत.
तिच्या देवाशी माझं बोलणं बेताचंच.
आमच्या मुकादमासारखा वाटतो तो,
सगळं ठाऊक असून विचारणार, झालं का काम?

रविवारी उपासना सुटल्यावर
पास्टर माझ्या कोपराला धरून बाजूला घेऊन गेले.
"तिकडं काही कमीजास्त झालं तर?"
दफनभूमीत आमच्या दोन जागा घेतलेल्या आहेत,
आंब्याच्या बाजूला, पैसे भरलेत.
"पावती पत्र्याच्या पेटीत आहे,"
मागून येऊन रोझलीन म्हणाली,
जणू ते गॅसचं बिल विचारत होते.
त्या रात्री मला त्या दोन जागाच दिसत राहिल्या.
वर गवत माजलंय,
कुणाची तरी शेळी निवांत चरतेय.
वाईट नव्हतं दिसत.

तर तीन किलो.
घरी आणून बॅग पुन्हा उघडली.
मी एक पान्हा काढला.
तिनं तो परत आत ठेवला,
आणि स्वतःचा जाड स्वेटर काढला, कुंद्याचे दोन डबे,
मग लग्नाचा अल्बम उचलला,
तळहातावर तोलला थोडा वेळ,
दोन फोटो सोडवून घेतले
आणि बाकीचा कपाटात सरकवला.

किल्ली गंगव्वाकडं दिली.
कढीपत्त्याला पाणी घालील ती, एक दिवसाआड.
पदराच्या टोकाला किल्ली बांधत म्हणाली,
"होगि बर्री."
जाऊन या, दोन्ही एका दमात.
फॉर्मवरचा परतीच्या तारखेचा रकाना
आम्ही कोराच पाठवलाय.

निघायच्या आदल्या रात्री मोरीतला नळ ऐकू आला.
टप्. मग बराच वेळ काही नाही. टप्.
अकरा वर्षं सांगतेय ती, वायसर बदला.
गावाचे नळ केले, हा राहिला.
पिशवीत वायसर होता, पाच मिनिटांचं काम.
मी अंथरुणातूनच म्हटलं,
आल्यावर करतो.
ती काही बोलली नाही.
उठली, अंधारातच गेली,
नळाखाली बादली सरकवल्याचा आवाज आला.